मोडशी आणि कुत्र्याचं मरण : एका शब्दसंग्रहाची प्रस्तावना

आमच्या आज्जीकडं वासरासाठी एकच शिवी होती. दावं सोडवून ते परड्यातल्या मेथीत शिरलं की हातातलं काम टाकून ती ओरडायची, "पटकी भरली तुला!" मग त्याला ओढत आणून बांधायची आणि त्याच्या गळ्याखाली खाजवत बसायची. पटकी म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. भरते म्हणजे घागरीसारखी काहीतरी वस्तू असणार, असा माझा हिशेब. पुढं शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'पटकी' लिहून त्याच्यापुढं 'कॉलरा' असं लिहिलं, तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटाच हसलो. आमच्या वासराला रोज कॉलरा व्हायचा.

पुढच्या पानांतल्या शब्दसंग्रहाची सुरुवात तिथं झाली म्हणायला हरकत नाही. शिरोळ तालुक्यातली आजारपणाची बोली, एवढाच त्याचा आवाका: दुखण्यांची नावं, त्यांवरचे उतारे आणि त्या दुखण्यांवरून पडलेल्या शिव्या. अर्जुनवाड, घालवाड, औरवाड, बुबनाळ, खिद्रापूर, अकिवाट, अब्दुललाट, नांदणी अशा गावांत, बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोप्यात चहा पिता पिता, हे शब्द टिपले. त्यात कानडीतून आलेले आहेत, उर्दूतून आलेले आहेत आणि काही असे आहेत की ते कुठून आले हे सांगणाराच आता उरलेला नाही. प्रस्तावनेसाठी मी निवडलेला शब्द मात्र या संग्रहातला नाही. तो इंग्रजी आहे, आणि इंग्रजीतूनही त्याला जाऊन दोनशे वर्षं होत आली. तरी त्याच्यावर इतकं लिहायचं कारण असं, की तो आपल्याच घरातून गेलेला आहे. परदेशी जाऊन त्यानं असा काही वेश बदलला, की परत दारात उभा राहिला तेव्हा आपण त्याला ओळखलं नाही.

आधी काकीबद्दल सांगतो. माझी थोरली काकी मालवणकडची. लग्न होऊन घाटावर आली, ज्वारीची भाकरी थापायला शिकली, आमचं तिखटही तिनं सोसलं. पण पोट बिघडलं तर "ढाळ लागले" हे शब्द तिच्या तोंडून कधी आले नाहीत. ती म्हणायची, "मोडशी झाली." लग्नघरचं जेवण बाधलं, मोडशी. अवेळी श्रीखंड खाल्लं, मोडशी. मग आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव एका वाटीत पुढ्यात यायचं. आम्ही पोरं तिची चेष्टा करायचो, "काकी, काय मोडलं?" ती शांतपणे म्हणायची, "पोट मोडलं. दुसरं काय मोडणार?" आम्ही चेष्टा म्हणून विचारत होतो आणि ती सरळ व्युत्पत्ती सांगत होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, भलताच शब्द शोधायला म्हणून मी 'हॉब्सन-जॉब्सन' उघडला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलीचा हा जाडजूड कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी केला. तो १८८६ मध्ये छापून आला, तोवर बर्नेल वारला होता. विल्यम क्रूकनं वाढवलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची. या कोशात शब्दाचा नुसता अर्थ देऊन थांबत नाहीत. शब्द कुणी, कधी, कुठं, कसा लिहिला, याचे उतारे तारखेवार लावलेले असतात, त्यामुळं वाचणारा एका शब्दासाठी आत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. माझंही तेच झालं. पानं उलटताना नजर एका नोंदीवर अडकली: 'मॉर्ट-द-शियां'. फ्रेंचमध्ये याचा सरळ अर्थ कुत्र्याचं मरण. पण कोशकार सांगत होते की अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानातले गोरे लोक हे नाव पटकीला देत, त्यात कुत्र्याचा काही संबंध नाही, आणि त्याचं मूळ कोकणी-मराठी 'मोडशी'त आहे. काकीच्या वाटीतला आल्याचा रस एकदम नाकात गेल्यासारखं झालं.

जाता जाता या कोशाच्या नावाबद्दलही सांगायला हवं, कारण त्याचा धागा आमच्या तालुक्यापर्यंत येतो. हॉब्सन आणि जॉब्सन ही माणसं नव्हेत. मोहरमात छाती बडवत म्हटलेलं "या हसन! या हुसेन!" गोऱ्या सोजिरांच्या कानाला असं ऐकू आलं, आणि यूलनं तेच नाव मौजेनं कोशाला दिलं. आता कुरुंदवाडचा मोहरम पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गणपती मशिदीत बसवणारं हे गाव. तिथं खत्तलरात्री पंजे आणि ताबूत निघाले की कोण काय ओरडतंय, यातलं निम्मं प्रत्येकजण आपापल्या कानानं ऐकतो. सोजिरांना हसायचा आपल्याला तसा अधिकार नाही. 'हैदोस' हा अस्सल मराठी वाटणारा शब्द आपण त्याच मोहरमातल्या "हाय दोस्त" अशा हाकाऱ्यातून उचलला आहे. त्यांनी त्याच गलक्यातून दोन माणसं तयार केली आणि आपण धुडगूस.

परत मोडशीकडं. मूळ क्रियापद 'मोडणं'. हे मराठीतलं फार राबलेलं क्रियापद. बाजार मोडतो, लग्न मोडतं, शब्द मोडतो, पाचशेची नोट मोडते, ताप यायचा असला की अंग मोडून येतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान: आतापर्यंत उभं असलेलं काहीतरी खाली बसतं. पटकीत माणसाचं नेमकं तेच होतं. जंतूचं विष आतड्याच्या आतल्या थरावर असं काम करतं, की अंगातलं पाणी आणि मीठ आतड्यात ओतलं जातं आणि तांदळाच्या धुवणासारखं बाहेर पडत राहतं. दिवसभरात अनेक लिटर. डोळे खोल जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज घोगरा होतो, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहते. सकाळी मोट हाकणारा माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही. इंग्रज डॉक्टर या अवस्थेला ज्या शब्दानं ओळखत, त्याचाही अर्थ कोसळणं असाच आहे. 'मोडशी' हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्यानं रोगी जवळून पाहिला होता.

हा शब्द पोर्तुगिजांनी गोव्यात उचलला आणि तिथून त्याच्या लिहिण्यात गंमत सुरू झाली. पोर्तुगीज तोंडाला 'ड' जमत नाही. त्यांना तो कधी 'र' ऐकू येतो, कधी 'र्द'. त्यांच्या लिपीत 'श'साठी एक्स लिहितात, म्हणून जुन्या पोर्तुगीज पुस्तकातलं 'मोर्शी' एखादा इंग्रज 'मॉर्क्सी' असं वाचेल. आणि शब्दाच्या शेवटी नाकात एक सूर काढायची त्यांना सवय. आपल्या पणजीचं त्यांनी पणजिम केलं, त्याच चालीवर मोडशीचं मोर्देशिम झालं. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं.

गास्पार कोरेया नावाच्या इतिहासकारानं १५४३ मधल्या गोव्यातल्या साथीचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यात हे नाव येतं. माणसं इतकी मरू लागली, की मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा वाजवायला गव्हर्नरनं बंदी घातली. लोक घाबरतील म्हणून. हे वाक्य वाचल्यापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. रोगावर इलाज हातात नाही, मग निदान आवाज तरी बंद करा. त्याच गव्हर्नरनं एक प्रेत फाडून आत काय बिघडलं ते पाहायलाही सांगितलं होतं, पण पाहून कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. जंतू दिसायला अजून तीनशे वर्षं होती. इटलीत पाचिनीला तो १८५४ मध्ये दिसला, आणि जगानं तो मान्य केला तो रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात १८८४ मध्ये दाखवल्यावर.

गोव्यातलाच दुसरा साक्षीदार गार्सिया द ओर्ता. हा वैद्य, जन्मानं ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती झालेला. त्याचं हिंदुस्थानी औषधींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक संवादाच्या रूपात आहे: ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा डॉक्टर. कोष्टासारख्या निरुपद्रवी मुळीवर दोघांची चर्चा चालली असताना एक पोऱ्या धावत येतो. मालकाच्या भावाला मोर्शी झाली आहे, दोन तास झाले, ताबडतोब चला. मुळीची गोष्ट तिथंच राहते. रुआनो बरोबर जातो, वाटेत विचारतो, ओर्ता सांगतो: आपल्या देशात याला हलकं समजतात, इथं माणूस बहुधा दिवसभरात जातो, दहा तासही न काढलेले मी पाहिले आहेत. पुस्तकातलं हे एकच प्रकरण असं आहे की वाचताना चपला शोधाव्याशा वाटतात.

ओर्तानं इथल्या लोकांचे उपायही नोंदवले. तळपायाला डाग देत. हा उपाय पुढं शंभर-सव्वाशे वर्षं युरोपियन प्रवासी सांगत राहिले: टाचेच्या घट्ट कातडीवर तापलेलं लोखंड टेकवायचं, रोगी ओरडला तर वाचेल. डाग देणं आमच्याकडं गुरांना आजही चालतं, माणसांनाही आजच्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी चालायचं. या संग्रहात 'चरका' आणि 'बिब्बा घालणं' या नोंदी त्यासाठीच आहेत. दुसरा उपाय मात्र बघण्यासारखा. भात शिजवलेलं पाणी, म्हणजे कांजी, मिरी आणि जिरं घालून प्यायला देत. युरोपातली वैद्यकी पुढं कितीतरी काळ अशा रोग्याचं पाणी तोडत होती, रक्त काढत होती. आज तांदळाच्या पिठाचं जलसंजीवनीचं मिश्रण पटकीवर उत्तम चालतं, हे डॉक्टर सांगतात. म्हणजे डाग देणारा हात चुकला होता आणि पेज ढवळणारा बरोबर होता. दोन्ही हात बहुतेक एकाच घरातले असणार. या ओर्ताचं पुढं काय झालं? १५६८ मध्ये तो आपल्या मरणानं मेला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशननं त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. शब्दाच्या प्रवासाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

गोव्यातून 'मोर्देशिम' बंदरा-बंदरांनी फिरत फ्रेंचांच्या हाती गेला. फ्रेंच कानाला त्यात आपल्या भाषेतले तीन शब्द स्पष्ट ऐकू आले: मरण, चं, कुत्रं. अनोळखी शब्दातून ओळखीचा अर्थ ओढून काढायची सवय जगातल्या सगळ्याच कानांना असते, आणि इथं तर तो अर्थ रोगाला शोभत होता. वांत्या करत, गोळा होऊन, कुठंतरी कोपऱ्यात मरायचं. आपणही म्हणतोच की, कुत्र्याच्या मौतीनं मेला. फ्रेंचांकडून मद्रासच्या बाजूच्या इंग्रज सर्जनांनी तो तसाच घेतला. १७८० च्या दशकात तिकडं फौजांमध्ये हा रोग पसरला, तेव्हाच्या वर्णनांत मॉर्ट-द-शियां हाच शब्द आहे. चार्ल्स कर्टिस या आरमारी सर्जननं हिंदुस्थानातल्या रोगांवर १८०७ मध्ये पुस्तक काढलं, त्यातही तो आहे. मोडशी गोव्यातून निघाली, पुद्दुचेरीच्या आसपास फ्रेंच झाली, मद्रासेत इंग्रज झाली आणि विलायतेतल्या छापखान्यात पोचली. एवढ्या प्रवासात तिला कुणी विचारलं नाही, बाई, तुझं माहेरचं नाव काय.

आता या शब्दाच्या वापराचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडं पटकीची मोठी साथ उठली. लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत ती शिरली, आणि १८१८ मध्ये, म्हणजे इकडं पेशवाई बुडाली त्याच वर्षी, दख्खन ओलांडून मुंबईला आली. तिथून ती पुढं जगभर फिरली. या साथीनंतर इंग्रजांत असा समज पसरला की हा रोग नवाच आहे, हेस्टिंग्जच्या आधी हिंदुस्थानात तो नव्हताच. हा समज कसा झाला असेल, याचं यूलचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, जुन्या कागदांत रोग भरपूर होता, पण तो 'मॉर्ट-द-शियां' या नावाखाली दडून बसला होता. नाव ओळखीचं नाही, म्हणून रोग नव्हता असं लोकांनी धरलं. जॉन मॅक्फर्सन या डॉक्टरानं १८७२ मध्ये, १८१७ पर्यंतच्या कॉलऱ्याचा इतिहास लिहिताना असलेच जुने उल्लेख गोळा केले होते. म्हणजे मेलेला शब्द कोर्टात साक्षीदार म्हणून उभा राहिला.

साक्ष तपासून घ्यावी लागते, हेही खरं. १५४३ ची मोडशी आणि १८१७ ची पटकी एकाच जंतूची होती, असं नुसत्या शब्दावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्या काकीची मोडशी श्रीखंडानं व्हायची. शब्द लक्षणाला चिकटतो, जंतूला नव्हे. ओर्तानं पाहिलेला रोगी दहा तासांत गेला, यावरून तो अजीर्णाचा नव्हता एवढं नक्की.

आणि इथं एक अदलाबदल झाली. 'कॉलरा' हा ग्रीक मुळाचा शब्द, पित्तावरून आलेला. इंग्लंडात तो पूर्वी उन्हाळ्यातल्या साध्या वांती-जुलाबांना लावत. माणूस दोन दिवस निजून उठायचा. १८१७ नंतर त्या शब्दात जगाची धडकी भरली. उलट मोडशी हा शब्द गोव्याच्या घंटा बंद पाडण्याइतका भयंकर होता, आणि आज तो कोकणातल्या स्वयंपाकघरात आल्याच्या रसाशेजारी बसून आहे. दोन शब्द घाटात एकमेकांसमोरून गेले. एक चढत होता, एक उतरत होता.

इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशात वापरातून गेलेल्या शब्दाआधी खंजिराची खूण करतात. लांबून ती थडग्यावरच्या क्रुसासारखी दिसते. मराठीत अशी खूण करायची चाल पडली नाही, आणि या संग्रहापुरतं तरी मला ते बरं वाटतं. कारण आजाराचा शब्द मेला की नाही, हे ठरवणं अवघड. 'देवी' घ्या. रोग गेला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण दंडावरचे वण अजून माणसांबरोबर हिंडतायत, आणि "देवी काढल्या का?" हा प्रश्न आमच्या पिढीला कळतो. 'नारू' त्याहून स्वच्छ गेला. पायातून सुतासारखा निघणारा तो किडा, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. २००० मध्ये देश त्यातून सुटला आणि आता शाळेतल्या पोरांना नारू म्हणजे कुणाचं तरी नाव वाटतं. या दोन शब्दांपुढं खंजीर चालेल. पटकीपुढं नाही चालणार. रोग आहे तिथंच आहे, त्यानं फक्त नाव बदललं आहे.

शिरोळ तालुक्यात पाण्याचा विषय टाळून कुठलीच प्रस्तावना होत नाही. पंचगंगा कोल्हापुराकडून येते, कृष्णा सांगलीकडून, आणि नृसिंहवाडीला दोघी मिळतात. आषाढात पंचगंगेला पहिलं तांबडं पाणी आलं की कोल्हापूरकर ते कलशांत भरून, पी ढबाक वाजवत, टेंबलाईला नेऊन वाहतात. गावोगावच्या मरीआईलाही त्या दिवसांत नैवेद्य जातो. नव्या पाण्याबरोबर रोग येतो, हे लोकांना जंतूच्या आधीपासून माहीत होतं. त्यांनी त्याची वर्गणी काढून यात्रा केली. तेच पाणी पुढं आमच्याकडं येतं. वाडीच्या देवळात पूर चढला की पाणी गर्भगृहात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्यातही चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार असे दोन. पूर मोजायला नदीवर सरकारी पट्ट्या आहेत, पण "दक्षिणद्वार झाला का?" हे मोजमाप अजून फोनवर आधी विचारतात. लोक त्या पाण्यात अंघोळ करतात आणि घरी येऊन प्यायचं पाणी उकळतात. दोन्हींत त्यांना विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही.

जुन्या माणसांकडून 'गाडा' ऐकला तो याच संदर्भात. साथ आली की गावानं वर्गणीतून लहानसा लाकडी गाडा करायचा. त्यात मरीआईची मूर्ती, हिरवं खणाचं कापड, बांगड्या, लिंबं, हळद-कुंकू. रात्री तो वाजतगाजत शिवेपार नेऊन ठेवायचा आणि मागं वळून न बघता परतायचं. पलीकडच्या गावाला सकाळी तो दिसला, की त्यांनी पुन्हा पूजा बांधून आपल्या पलीकडच्या शिवेला न्यायचा. कधी नेत, कधी भांडण व्हायचं. ऐकताना मला मोडशीचा प्रवास आठवत होता. तोही असाच, शिवेवरून शिवेवर. प्रत्येक गावानं गाड्यावर आपलं थोडं कापड बांधलं.

२०१९ च्या महापुरात आमच्याकडची बरीच गावं पाण्याखाली होती. नावांचं काय चाललंय ते मला तिथं जवळून दिसलं. छावणी एका शाळेच्या इमारतीत होती. व्हरांड्यात सतरंज्या, कोपऱ्यात गुरांचं बाडबिस्तार, आणि दाराशी एका टेबलावर आरोग्य सेविका रजिस्टर घेऊन बसलेली. तिच्यापुढं मेडिक्लोरच्या बाटल्या, जलसंजीवनीची पाकिटं आणि टीसीएल पावडरची उघडी पिशवी. तिच्या वासानं डोळे चुरचुरत होते. एका बाईला सकाळपासून जुलाब होते. सेविकेनं रजिस्टरात लिहिलं, 'गॅस्ट्रो संशयित'. हा आजचा शब्द. पेपरातही हाच असतो, गॅस्ट्रोची साथ. प्रयोगशाळेतून काही येईपर्यंत त्याच्यापुढं कुणी जात नाही, आणि त्यात चुकीचं काही नाही. शेजारी बसलेली एक म्हातारी मात्र कुरकुरली, "ग्यास्टू ग्यास्टू करत्यात. आमच्या वक्ताला माणूस जायाचं." सेविका लहान होती, ती हसली नाही. तिनं पाकीट फोडून लिटरभर पाण्यात घातलं आणि त्या बाईला सांगितलं, घोट घोट, पण थांबायचं नाही. पाकीट संपलं तर सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

आमचा तालुका साखरेचा. तीच साखर चिमूटभर मिठाबरोबर पाण्यात गेली की आतड्याच्या भिंतीतून मिठाला आत घेऊन जाते आणि मिठामागून पाणी जातं. एवढीच ती विद्या. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी हे मिश्रण ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मरणाचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्या खाली आलं. ओर्तानं नोंदवलेल्या कांजीपासून इथपर्यंत यायला चारशे आठ वर्षं लागली. मधल्या काळात जगानं टाचा भाजल्या.

शेवटी आज्जीचं राहिलं. या संग्रहासाठी वही घेऊन मी पहिल्यांदा तिच्याकडंच बसलो होतो. तेव्हा ती बरीच थकली होती, वासरू कधीच विकलं होतं. मी विचारलं, पटकी तू कधी बघितलीस का? ती लगेच काही बोलली नाही. पदरानं चष्मा पुसला. मग सांगू लागली: तिचं लग्न व्हायच्या आधी, तिच्या माहेरी, एकाला पोचवून माणसं परत यायच्या आत दुसऱ्या घरातनं रडणं उठायचं. तिचा एक भाऊ त्यात गेला. सगळं सांगितलं, कुणी पाणी मागितलं, कुणी दिलं नाही, चुलीवर काय होतं, तेही. पण त्या अर्ध्या तासात तिनं एकदाही पटकी म्हटलं नाही. "ती आली त्या सालाला", "ती आमच्या आळीत शिरली", "तिनं दोन पोरं नेली", असंच. मी मध्ये एकदा नाव घेतलं, तर तिनं हातानं थांबवलं. दिवेलागणीची वेळ होती.

वासराला मात्र ती जन्मभर रोज नाव घेऊन देत आली होती.

म्हणून या संग्रहात 'पटकी' ही नोंद 'प'मध्ये, शिव्यांच्या भागात आहे. रोगाची नोंद 'त'मध्ये पाहावी. तिथं शब्द एकच आहे: 'ती'.